पाठीवरचं नाव, छातीवरचं नाव

५ जून २०२५. ओक्लाहोमा सिटीत एनबीएच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन उजव्या बाजूने पुढे सरकला, थबकला आणि उडी घेत त्याने चेंडू सोडला. चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा घड्याळात ०.३ सेकंद उरले होते. पेसर्स १११, थंडर ११०. चौथ्या सत्रात पंधरा गुणांनी मागे पडलेला हा संघ त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पुढे गेला होता, आणि तेवढ्यावर सामना जिंकून गेला.

सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सममध्ये, एका मराठी घरात, भाची सोफ्यावरून उठून ओरडली. मामा जागचा हलला नाही.

"अरे मामा, तुमचाच पोरगा जिंकून देतोय!"

"आमचा होता," मामा म्हणाला.

हे खरं होतं. २०२०च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर हॅलिबर्टनला निवडलं ते सॅक्रामेंटो किंग्जनेच. ८ फेब्रुवारी २०२२ला त्यांनी त्याला इंडियानाकडे पाठवलं आणि बदल्यात डोमांटास सबोनिसला आणलं. म्हणजे त्या अंतिम मालिकेत किंग्ज कुठेच नव्हते, एप्रिलमध्येच घरच्या मैदानावर डॅलसकडून हरून ते बाहेर पडले होते, तरी मामाला ती मालिका परक्यासारखी बघता येईना. आणि ज्या भाचीचा सॅक्रामेंटोशी संबंध मामाच्या पत्त्यापुरता, ती मात्र त्यात आकंठ बुडाली होती.

दोघंही बास्केटबॉलची निष्ठावंत. प्लेऑफ सुरू झाले की दोघांच्याही दिवसाचं वेळापत्रक बदलतं. पण एकाची निष्ठा जर्सीच्या छातीवर लिहिलेल्या नावाशी आहे आणि दुसरीची पाठीवरच्या. सात सामन्यांची ती मालिका संपेपर्यंत घरात हाच वाद चालला. तो नुसता घरगुती नाही. आज जगभर कुठलाही व्यावसायिक खेळ पाहणाऱ्यांमध्ये हीच फूट पडलेली आहे. २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्याच कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, मुंबईच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कारण रोहित शर्माचं कर्णधारपद त्याच्याकडे गेलं होतं. तिथेही प्रश्न हाच होता: आपण नेमके कुणाचे?

मामा दादरचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नोकरीसाठी सॅक्रामेंटोला आला. त्याच सुमारास ख्रिस वेबर आणि व्लादे दिवाच किंग्जमध्ये आले आणि कॅलिफोर्नियाची राजधानी असूनही सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या सावलीत राहिलेल्या या शहराला पहिल्यांदाच मिरवण्यासारखं काही मिळालं. लेकर्सच्या प्रशिक्षकाने, फिल जॅक्सनने, सॅक्रामेंटोला अर्धवट सुधारलेलं गाव म्हणून हिणवलं होतं. तिथल्या लोकांनी उत्तर म्हणून गायीच्या गळ्यातल्या घंटा आणून स्टेडियमभर वाजवायला सुरुवात केली. मामाकडे अजून ती घंटा आहे.

भाची ठाण्यात वाढली. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, तेव्हा पहिल्या सामन्याला प्रेक्षागृह शाळकरी मुलामुलींनी भरलं होतं. त्यांत तीही होती. खेळले होते किंग्ज आणि पेसर्स. ओव्हरटाइमपर्यंत गेलेला तो सराव सामना पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला. पुढच्या वर्षी मामाने फोनवर तिला सांगितलं, "एक नवीन पोरगा आलाय आमच्याकडे, हॅलिबर्टन. शूटिंगची पद्धत विचित्र आहे, पण पास बघ त्याचे." ती बघू लागली. सॅक्रामेंटोतला संध्याकाळचा सामना ठाण्यात सकाळी, कॉलेजला निघायच्या वेळी. आता ती डेव्हिसच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते आणि शनिवार-रविवार मामाकडे असते.

"तूच म्हणालास, हा पोरगा बघ," भाची म्हणाली. "मी बघितला. तो गेला, मीही त्याच्याबरोबर गेले. त्याला तर वाटत होतं आपण इथेच राहणार. त्याला विचारलंही नाही कुणी. मग संघाने जर खेळाडूशी निष्ठा ठेवायची नाही, तर मी संघाशी का ठेवू?"

"अगं, पण त्या ट्रेडमुळेच सबोनिस आला. पुढच्याच वर्षी आम्ही प्लेऑफमध्ये होतो. सोळा हंगामांनंतर."

"आणि तीन वर्षांत पेसर्स फायनलमध्ये. हिशेब कुणाचा बरोबर आला?"

हिशेब सरळ नाही. २००६नंतर किंग्ज सलग १६ हंगाम प्लेऑफबाहेर राहिले. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. त्या काळात प्रशिक्षक बदलले, मालक बदलला. मायकेल मलोन या प्रशिक्षकाला २०१४मध्ये हंगामातल्या २४ सामन्यांनंतर काढून टाकण्यात आलं. पुढे २०२३मध्ये त्याने डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच उपलब्ध असताना किंग्जनी मार्विन बॅगलीला निवडलं. या शेवटच्या दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हा संघाचे प्रमुख मालक होते विवेक रणदिवे, मुंबईत जुहूला वाढलेले, एनबीए संघाचे भारतीय वंशाचे पहिले मुख्य मालक. त्यांच्या मालकीत २०१५मध्ये सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत उतरला, तोही किंग्जकडून. मामाला या गोष्टींचा अभिमान आहे आणि डॉन्चिचचा विषय निघाला की त्याचा चेहरा उतरतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

"सोळा वर्षं तू हे सहन केलंस," भाची म्हणाली. "एखाद्या दुकानाने सोळा वर्षं खराब माल दिला असता तर तू पुन्हा पायरी चढला असतास का?"

"दुकानाशी माझं भांडण सोळा वर्षं टिकलं नसतं. इथे टिकलं, यातच सगळं आलं."

मामाचा मुद्दा असा, की प्लेऑफमधला आनंद त्या एका रात्रीत तयार होत नाही, तो आधीच्या वर्षांत साठत जातो. १५ एप्रिल २०२३ला गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा स्टेडियममधल्या अनेक कॉलेजवयीन मुलांनी आपल्या आठवणीत किंग्जचा प्लेऑफ सामना पाहिलाच नव्हता. डिॲरन फॉक्सने प्लेऑफच्या पदार्पणातच ३८ गुण केले, मलिक मंकने ३२, आणि किंग्ज १२६-१२३ने जिंकले. मग त्या हंगामात प्रत्येक विजयानंतर व्हायचं तेच झालं: स्टेडियमच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात गेला आणि बाहेरच्या चौकात जमलेली गर्दी खाली उभी राहून तो बघत राहिली. मामा-मामी त्या गर्दीत होते. वॉरियर्सनी त्याआधीच्या आठ वर्षांत चार अजिंक्यपदं मिळवली होती. त्यांच्या चाहत्यांना पहिल्या फेरीतला एक विजय काय वाटला असता? सॅक्रामेंटोत लोक रडत होते.

यावर भाचीचं उत्तर तयार असतं, आणि ते टाळता येण्यासारखं नाही. तिचं म्हणणं, या साठलेल्या दुःखाला किंमत देताना आपण खेळाला दुय्यम ठरवतो. ती उदाहरण देते त्याच मालिकेतल्या सातव्या सामन्याचं.

३० एप्रिल २०२३, रविवार. मालिका ३-३. चौथा सामना किंग्ज एका गुणाने हरले होते, अखेरच्या क्षणी हॅरिसन बार्न्सचा थ्री-पॉइंटर हुकला म्हणून. त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताचं बोट मोडलं. तरी तो खेळत राहिला आणि सहाव्या सामन्यात किंग्जनी वॉरियर्सना त्यांच्याच घरी ११८-९९ असं हरवलं. सातवा सामना सॅक्रामेंटोत, दुपारी. ठाण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून महाराष्ट्र दिन लागला होता. भाची कानात इअरफोन घालून, घरच्यांना जाग येऊ न देता बघत होती. मामा स्टेडियममध्ये होता. आणि स्टेफ करीने ५० गुण केले. कुठल्याही मालिकेच्या सातव्या सामन्यात त्याआधी कुणीही इतके गुण केले नव्हते. केव्हिन ड्युरांटचा ४८ गुणांचा विक्रम मागे पडला. वॉरियर्स १२०, किंग्ज १००.

"त्या रात्री जगात बास्केटबॉल खेळणाऱ्या कुणालाही जमलं नसतं असं काहीतरी एक माणूस तुझ्या डोळ्यांसमोर करत होता," भाची म्हणाली. "तू तिथे होतास! मी ठाण्यात अंथरुणात बसून थरारले. आणि तू काय पाहिलंस? फक्त हार."

मामा जरा वेळ थांबला. "तिसऱ्या सत्रापर्यंत हार दिसत होती. मग तोच दिसायला लागला. टाळी नाही वाजवली मी. पण नजर काढू शकलो नाही."

"मग वाजवायची ना टाळी."

"नाही. ती वाजवली असती तर मी तिथे फक्त तिकीट काढून आलेला माणूस झालो असतो."

या एका वाक्यात मामाची सगळी बाजू येते, आणि ती फेटाळणं सोपं नाही. उत्कृष्ट खेळाला दाद देणारा प्रेक्षक उदार असतो, पण त्याचं काही पणाला लागलेलं नसतं. करीचे ५० गुण आजही मोठे वाटतात, त्याचं एक कारण असं, की ते पन्नास गुण हजारो लोकांच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्या आरडाओरड्यात झाले. रिकाम्या किंवा तटस्थ सभागृहात तोच खेळ तेवढा अवघड राहिला नसता. प्लेऑफमध्ये घरच्या मैदानासाठी संघ संपूर्ण ८२ सामने झगडतात ते उगीच नाही. भाची ज्या उत्कृष्टतेवर प्रेम करते ती घडायलाही मामासारखी माणसं लागतात.

पण मामाची खरी भिस्त २०१३वर आहे. २०२५च्या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यादरम्यान तो तिला हेच सांगत बसला.

किंग्ज सॅक्रामेंटोतून जाणार, हे २०११मध्ये जवळजवळ ठरलं होतं. जुने मालक, मलूफ कुटुंब, संघ ॲनाहाइमला नेण्याच्या बेतात होतं. एप्रिलमध्ये लेकर्सविरुद्धचा हंगामातला शेवटचा सामना संपला तरी लोक घरी जाईनात, खुर्च्यांवर बसून राहिले. ते संकट टळलं आणि दोन वर्षांत दुसरं आलं: मलूफ कुटुंबाने सिएटलच्या एका गटाला संघ विकायचं मान्य केलं. महापौर होता केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीएत खेळलेला, सॅक्रामेंटोतच वाढलेला. त्याने खरेदीदार गोळा केले, लोकांनी मोर्चे काढले, पुढच्या हंगामाच्या तिकिटांसाठी नावं नोंदवली. सिएटलच्या गटाने देऊ केलेली किंमत जास्त होती. तरीही मे २०१३मध्ये लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं, आणि रणदिवेंच्या गटाने संघ घेतला.

"तेव्हा आमच्याकडे एकही मोठा खेळाडू नव्हता जो जाईल म्हणून लोक रडले," मामा म्हणाला. "संघ तळाला होता. लोक भांडले ते छातीवरच्या नावासाठी. तू खेळाडूच्या मागे जातेस, ठीक आहे. पण खेळाडूला खेळायला संघ लागतो आणि तो संघ कुठेतरी उभा असावा लागतो."

इथे त्याला अनपेक्षित आधार मिळाला तो पेसर्सच्याच इतिहासातून. एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये तीन अजिंक्यपदं मिळवून १९७६मध्ये एनबीएत आलेला हा संघ वर्षभरात दिवाळखोरीच्या काठावर पोचला. १९७७च्या जुलैमध्ये प्रशिक्षक बॉब 'स्लिक' लेनर्ड आणि त्यांची पत्नी नॅन्सी यांनी दूरचित्रवाणीवर तासन् तास चालणारा कार्यक्रम केला. उद्देश एकच: हंगामाची आठ हजार तिकिटं विकायची, नाहीतर संघ जाईल. लोकांनी ती घेतली आणि संघ राहिला. म्हणून आज हॅलिबर्टनच्या छातीवर ते नाव आहे. हे कळल्यावर भाची पहिल्यांदा काही बोलली नाही. आणि मामा तिसऱ्या सामन्यापासून पेसर्सच्या बाजूने बोलू लागला, हॅलिबर्टनमुळे नव्हे, नॅन्सी लेनर्डमुळे.

थंडरबद्दल तर त्याला आधीपासूनच शल्य होतं. ओक्लाहोमा सिटीचा हा संघ २००८पर्यंत सिएटलचा होता, सुपरसॉनिक्स नावाचा, १९७९चा विजेता. सिएटलने संघ गमावला म्हणूनच ते २०१३मध्ये सॅक्रामेंटोचा संघ न्यायला आले होते.

"म्हणजे तुमचा वाचला तो सिएटलच्या पदरात काही पडलं नाही म्हणून," भाची म्हणाली. "आणि तुम्हाला मुळात मिळाला कसा, सांग ना. किंग्जच्या नावावर एकच अजिंक्यपद आहे, १९५१चं. कुठलं? रॉचेस्टरचं. मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि १९८५ला इथे. कॅन्सस सिटीतही कुणीतरी मामा असेलच ना, त्याचा गेला तेव्हा तुमचा आला."

मामाने मान डोलावली. "असेल. त्याला फोन करून काय सांगू?"

"हेच सांग, की संघ शहराचा नसतो. मालकाचा असतो. शहर फक्त भाडं भरतं."

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी इथे तिच्या विषयात शिरते. संघ टिकवण्याच्या बदल्यात सॅक्रामेंटो शहराने नव्या स्टेडियमसाठी, २०१६मध्ये उघडलेल्या गोल्डन वन सेंटरसाठी, सुमारे २५ कोटी डॉलर उभे केले. हा खर्च लोकांच्या मताला टाकावा म्हणून विरोधकांनी हजारो सह्या जमवल्या होत्या. पण अर्जांतल्या त्रुटींमुळे ते सार्वमत २०१४मध्ये कोर्टात अडलं आणि झालंच नाही. ओक्लाहोमा सिटीत निदान मतदान झालं: डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने विक्रीकरातून किमान ९० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम मंजूर केलं. लीगमध्ये संघांची संख्या मर्यादित ठेवली जाते, त्यामुळे संघ नसलेलं एक तरी शहर कायम ताटकळत असतं. त्या शहराचं नाव घेतलं की संघ असलेलं शहर पैसे काढतं. चाहत्याची निष्ठा म्हणजे मालकाच्या हातातलं सर्वांत भक्कम तारण, असं भाची म्हणते.

"बरं, पैसे गेले," मामा म्हणाला. "पण त्या जागेभोवतीचं डाउनटाउन ओस पडलं होतं, ते उभं राहिलं. आणि २०१८मध्ये पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क या तरुणाला गोळ्या घातल्या तेव्हा लोक निदर्शनं करायला कुठे गेले? त्याच स्टेडियमच्या दारात. दारं अडवली, थोडेच प्रेक्षक आत पोचू शकले. सामना झाल्यावर रणदिवे मैदानावर उभे राहून बोलले. शहराला काही सांगायचं असेल तर सांगायची जागा ती आहे."

"जागा शहराची असेल तर फायदाही शहराचा हवा. आणि मामा, मोनार्क्सचं काय?"

मामाकडे याचं उत्तर नव्हतं.

सॅक्रामेंटो मोनार्क्स हा शहराचा महिला संघ, डब्ल्यूएनबीएच्या पहिल्या हंगामापासूनचा. २००५मध्ये ते विजेते ठरले. सॅक्रामेंटोत खेळून किंग्जनी जे कधीही मिळवलं नाही ते त्यांनी मिळवलं. नोव्हेंबर २००९मध्ये त्याच मलूफ कुटुंबाने संघ चालवायचं थांबवलं आणि मोनार्क्स बंद झाले. दुसऱ्या शहरातही गेले नाहीत, संपले. मोर्चे निघाले नाहीत. महापौर तेव्हाही केव्हिन जॉन्सनच होता.

"तुझ्या कपाटात किंग्जच्या किती जर्सी आहेत?" भाची म्हणाली. "मोनार्क्सची एक तरी आहे? त्यांच्या छातीवर तर याच शहराचं नाव होतं."

"मी एक-दोनदा गेलो होतो," मामा हळूच म्हणाला. "२००५ला टीव्हीवर बघितलं."

भाचीचा हा घाव वर्मी बसतो, आणि बसायलाच हवा. शहरासाठी, नावासाठी, आपल्या मातीसाठी म्हणून जी निष्ठा सांगितली जाते ती प्रत्यक्षात किती निवडक असते, हे मोनार्क्सच्या आठवणीने जितकं उघडं पडतं तितकं कॅन्सस सिटीच्या उदाहरणाने पडत नाही. विजेता संघ शहरातून नाहीसा झाला आणि शहराने तो जाऊ दिला. २०१३चं आंदोलन खरं होतं, त्यातल्या लोकांचं प्रेम खरं होतं, पण 'आम्ही आमचा संघ जाऊ देत नाही' हे वाक्य सॅक्रामेंटोने अर्ध्या सत्यावर म्हटलं होतं.

मामाने वाद तिथेच सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "तू म्हणालीस ते बरोबर आहे. पण त्यातून निष्ठा चुकीची ठरत नाही. ती कमी पडली, असं ठरतं."

दरम्यान मालिका तिच्या गतीने पुढे गेली होती. त्या वसंतात हॅलिबर्टनने जे केलं ते मामालाही नाकारता येत नव्हतं. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच एका निनावी मतचाचणीत त्याला लीगमधला सर्वांत अवाजवी गाजवलेला खेळाडू ठरवलं गेलं होतं. मग मिलवॉकीविरुद्ध पाचव्या सामन्यात, ओव्हरटाइममध्ये शेवटच्या चाळीस सेकंदांत सात गुणांची पिछाडी भरून निघाली आणि विजयी बास्केट त्याची. ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडविरुद्ध दुसऱ्या सामन्यात पुन्हा तेच. न्यूयॉर्कविरुद्ध पहिल्या सामन्यात तीनपेक्षा कमी मिनिटं उरली असताना १४ गुणांनी मागे, एरन नीस्मिथ एकामागून एक थ्री-पॉइंटर टाकतोय, आणि अखेरच्या क्षणी हॅलिबर्टनचा चेंडू रिंगवर आदळून उंच उडाला आणि सरळ आत पडला. तो सामना ओव्हरटाइममध्ये पेसर्सनी १३८-१३५ने जिंकला. चौथा चमत्कार ५ जूनचा. एका प्लेऑफमध्ये एवढे सामने शेवटच्या क्षणी फिरवणारा खेळाडू मामाने त्याच्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"हे चारही सामने मी कुठल्याही शहराशिवाय पाहिले," भाची म्हणाली, "आणि तुझ्याइतकीच रडले."

"कधी रडलीस? जिंकल्यावर. तू अजून त्याच्याबरोबर हरली नाहीस."

ती वेळ २२ जूनला आली. पाचव्या सामन्यात हॅलिबर्टनची उजव्या पायाची पोटरी दुखावली होती. सहाव्या सामन्यात तो तसाच खेळला आणि पेसर्सनी थंडरना १०८-९१ने हरवून मालिका सातव्या सामन्यापर्यंत ओढली. सातव्यात पहिल्या काही मिनिटांतच त्याने तीन थ्री-पॉइंटर टाकले. मग पुढे झेपावताना तो पडला आणि तळहाताने जमीन बडवत राहिला. उजव्या पायाचं अकिलीस टेंडन तुटलं होतं. भाचीने तोंडावर हात घेतला. मामाने रिमोट उचलला, बंद करू का म्हणून तिच्याकडे पाहिलं. ती नको म्हणाली.

मध्यांतराला पेसर्स ४८-४७ने पुढे होते, हॅलिबर्टनशिवाय. तिसऱ्या सत्रात टी. जे. मॅकॉनेल या लहानखुऱ्या गार्डने एकट्याने संघ ओढायचा प्रयत्न केला. पण थंडरचा बचाव तोवर बसला होता. ६८ सामने जिंकलेला तो संघ चुकीच्या पासची वाट बघत होता आणि इंडियाना चुकत गेलं. १०३-९१. शेई गिलजस-अलेक्झांडर मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटीला पहिलं अजिंक्यपद मिळालं. भाचीने शेवटच्या मिनिटापर्यंत सामना पाहिला.

"तुझा खेळाडू मैदानात नव्हता," मामा म्हणाला. "मग तीन सत्रं कुणासाठी बघितलीस?"

"मॅकॉनेलसाठी."

"मॅकॉनेल काल कुठे होता तुझ्या तोंडात?"

"आणि फॉक्सचं काय? फेब्रुवारीत त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं तुमच्या संघाने. त्यानंतर स्पर्सचे सामने लावून कोण बसत होतं? मामी सांगत होती."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका," आणि सांगितलंही, की हो, बसत होता, प्रत्येक सामन्याला.

मामाने ते नाकारलं नाही. फॉक्सने सॅक्रामेंटोत सात वर्षांहून अधिक काळ घालवला होता, मोडलेल्या बोटाने त्या मालिकेत खेळला होता, त्याला असं एका दिवसात विसरायचं कसं? भाची म्हणाली, मीही हॅलिबर्टनबद्दल हेच म्हणत होते, तीन वर्षांपासून. मामाचं म्हणणं, फॉक्सला तो बघतो, पण स्पर्स जिंकावेत असं त्याला वाटत नाही. हे शक्य आहे का, यावर जेवणं होईपर्यंत दोघं भांडत राहिली.

मग भाचीने फोन काढला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवा महिला संघ सुरू झाला होता, गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीज. पहिल्याच हंगामात त्यांचं स्टेडियम भरत होतं. पुढच्या एका सामन्याची दोन तिकिटं मिळत होती.

"येतोस?"

"चालेल," मामा म्हणाला. "पण तो बे एरियाचा संघ आहे. खेळ बघेन, त्यांची बाजू नाही घेणार. मोनार्क्सची जर्सी कुठे मिळते का बघ, ती घालून येतो."

"तिथे कुणी ओळखणार नाही ती."

"चाळिशीच्या पुढचे ओळखतील," मामा म्हणाला, आणि गाडी किती वाजता काढावी लागेल, पार्किंगला किती घेतात, हे विचारायला लागला.